त्यांचा प्लेटो, आमचा बुद्ध

'आंबेडकरांनी बुद्ध बदलला. मूळ बुद्ध तसा नव्हताच.' हे वाक्य तुम्ही ऐकलेच असेल. कॉलेजात ऐकले असेल, एस.टी.त ऐकले असेल, रविवारच्या पुरवणीत जरा गुळगुळीत भाषेत वाचले असेल. मी केळझरचा. बी.ए.ला असताना एका मास्तरांनी हे वाक्य वर्गात टाकले आणि त्याच तासाला, त्याच तोंडाने, युरोपातल्या प्रबोधनाच्या नोटा दिल्या. प्रबोधन म्हणजे ग्रीक विद्येचा पुनर्जन्म! आम्ही मुकाट उतरून घेतले. पण हा पुनर्जन्म झाला कसा, सुईण कोण होती, जन्मलेल्या पोराचा चेहरा जुन्या बापासारखा राहिला काय, हे कोणी सांगितले नाही.

तर दोस्तांनो, आपणच पाहू.

फ्लॉरेन्स शहरात कोसिमो दे मेदिची नावाचा पेढीवाला होता. सावकारच म्हणा. त्याने मार्सिलिओ फिचिनो या विद्वानाला पोसले, ग्रीक हस्तलिखिते त्याच्या हाती दिली आणि प्लेटो लॅटिनमध्ये आणायला बसवले. १४८४ साली ते भाषांतर छापून निघाले. आता प्लेटो हा ख्रिस्ताच्या साडेतीनशे-चारशे वर्षे आधीचा माणूस. त्याला ना येशू ठाऊक, ना चर्च. आणि फिचिनो तर १४७३ साली पाद्री झालेला. त्याने आत्म्याच्या अमरत्वावर जाडजूड ग्रंथ लिहिला आणि प्लेटोला हाताला धरून चर्चच्या दारात आणून उभा केला. जुळले ते ठळक केले, अडचणीचे होते त्याला नवा अर्थ लावला. प्लेटोनिक प्रेम हा शब्दप्रयोगही त्याच्याच काळजीतून निघालेला.

दुसरीकडे पोम्पोनाझ्झी. त्याने अ‍ॅरिस्टॉटल वाचला आणि १५१६ साली लिहिले की, आत्मा अमर आहे हे बुद्धीने सिद्ध होत नाही. व्हेनिसात त्याचे पुस्तक जाळले. म्हणजे ग्रीक तेच, आणि निघालेले अर्थ दोन टोकांचे. भांडणे झाली, पुस्तके जळाली. पण आज पाठ्यपुस्तकातल्या प्रबोधनाच्या पंगतीतून दोघांपैकी कोणालाही उठवलेले नाही.

लांब कशाला जायचे? टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 'गीतारहस्य' लिहिले, १९१५ साली ते छापले. शंकराचार्यांचा संन्यास बाजूला सारून गीतेतून कर्मयोग काढला. त्याला भाष्य म्हणतात, प्रतिभा म्हणतात. आणि बाबासाहेबांनी प्रश्न विचारले की लगेच मोडतोड! काहून? टिळकांची कात्री सोन्याची अन् आमची लोखंडाची काय?

बाबासाहेबांनी केले काय ते तर बघा. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली निघाला. सुरुवातीलाच चार प्रश्न आहेत. सिद्धार्थाने घर का सोडले? चार आर्यसत्ये मूळ शिकवणीतली की मागाहून घातलेली? आत्मा नाही म्हणता, मग कर्म आणि पुनर्जन्म कसा? आणि भिक्खू हा स्वतःपुरता परिपूर्ण माणूस की समाजाचा सेवक? हे लपूनछपून केलेले फेरफार नव्हेत. हा उघड्यावर मांडलेला जाब आहे.

पहिलाच प्रश्न घ्या. एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत म्हातारा, आजारी, मढे पाहिलेच नव्हते, हे कोणाला पटेल? बाबासाहेबांनी ती कथा नाकारली आणि रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य-कोलियांचे जे भांडण झाले ते पुढे आणले. सिद्धार्थाने युद्धाला विरोध केला आणि घर सोडणे पत्करले. आमच्या विहारात हे वाचले तेव्हा एक म्हातारबुवा म्हणाले, 'पाण्याचं भांडण हाय का हे? मंग तं आपलंच हाय.' महाडच्या तळ्याची आठवण असलेल्या माणसाला यावर टीप लागत नाही.

पण हा अर्थ काही हवेतून आला नाही, हे आपल्या पोरांनाही ठाऊक नसते. धर्मानंद कोसंबींनी १९४०-४१ च्या 'भगवान बुद्ध' मध्ये सुत्तनिपातातल्या अत्तदंड सुत्ताचा आधार घेऊन याच भांडणाकडे बोट दाखवले होते. ते कोसंबी १९४७ साली सेवाग्रामला वारले, आपल्याच जिल्ह्यात. भदंत आनंद कौसल्यायन राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या कामासाठी वर्ध्यात वर्षानुवर्षे राहिले. पुढे बाबासाहेबांच्या ग्रंथाचे हिंदी भाषांतर त्यांनीच केले आणि कोणता मजकूर कोणत्या पाली ग्रंथातला हे हुडकून काढले. पाली विद्येची वाट केळझरपासून तासाभरावरून गेली, अन् आम्ही मास्तरांच्या नोटा घोकत बसलो!

एक फरक मात्र ठासून सांगतो. फ्लॉरेन्समध्ये १३७८ साली लोकर पिंजणाऱ्या मजुरांनी बंड केले होते. त्यांना संघ नव्हता, राज्यात शब्द नव्हता. चार वर्षांत त्यांचे सगळे हिसकावून घेतले. पुढे त्याच शहरात मेदिचींच्या पैशावर प्लेटो जिवंत झाला, पण त्या पिंजाऱ्यांसाठी नाही. आमचा बुद्ध १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात जिवंत झाला तो मेलेली ढोरे ओढणाऱ्यांच्या, गिरणीत खपणाऱ्यांच्या, शेतात राबणाऱ्या बायांच्या तोंडी. कोणा पेढीवाल्याने हस्तलिखित विकत आणून दिले नव्हते.

आता थोडे आपल्या घरातले. रागावू नका.

कोसिमोने फिचिनोला प्लेटो बाजूला ठेवायला लावून आधी हर्मिसच्या नावावरचे एक बाड भाषांतराला दिले होते. ते प्लेटोहून कितीतरी जुने, म्हणून जास्त खरे, अशी सर्वांची समजूत. दीडशे वर्षांनी, १६१४ साली, कासोबाँने त्याची भाषा तपासली आणि ते ख्रिस्तानंतरचे निघाले! जुने तेच खरे मानणाऱ्यांची अशी फजिती होते.

आमच्या केळझरला लोक एकचक्रानगरी म्हणतात. इथे भीमाने बकासुर मारला म्हणे. जोतीबांनी १८७३ साली 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथा उलट्या धरून वाचल्या, तशी ही कथाही धरावीच: गाडाभर अन्न खाणारा तो राक्षस, ही तक्रार कोणी लिहिली? प्रश्न रास्त आहे. पण आपले काही बहाद्दर तेवढ्यावर थांबत नाहीत. बकासुर आपला पूर्वज होता, गणपतीच्या टेकडीखाली विहार आहे, असे ठोकून देतात. पुरावा? 'वाटते ना भाऊ!' भंडारा जिल्ह्यात पवनीला १९६९-७० साली उत्खनन झाले, स्तूप जमिनीतून वर आला. तो वाटण्याने आला नाही, कुदळीने आला. लोरेंझो वाल्लाने १४४० साली पोपच्या जमिनीचे दानपत्र खोटे ठरवले ते त्यातले लॅटिन शब्द तपासून, घोषणा देऊन नव्हे. बामणी पुराणाला आपले पुराण हे उत्तर असेल तर मास्तर खुशाल हसतील.

आणि बाबासाहेबांच्या ग्रंथाला फूल वाहून कपाटात कुलूपबंद करणारे तर मास्तरांपेक्षाही वाईट. ज्या ग्रंथाची सुरुवातच प्रश्नांनी होते, त्याची पोथी करता?

आमच्याकडे रविवारी वाचन चालते. पहिला प्रश्न झाला. आता दुसरा, आर्यसत्यांचा. त्यावर आमच्यात दोन तट पडलेत, आवाज रस्त्यापर्यंत जातो. ज्यांच्याकडे सुत्तनिपाताची प्रत असेल त्यांनी ती घेऊन यावे. पाली येणारा एक माणूस हवा आहे. जाण्यायेण्याचे भाडे आम्ही वर्गणीतून देऊ.