मोहिमेवर न्यावे असे पात्र

सुट्टीत मुलांना घरबसल्या मोहिमेवर धाडता येते. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रे होतात आणि अडचण आली की फासा निकाल देतो. १९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या नावाने असा खेळ बाजारात आला. रायपूरच्या घरात तो मांडायचा तर मोहीम महानदीकाठच्या सिरपूरला नेता येईल. वाटेतल्या जंगलात राक्षस, मायावी पक्षी हवे तेवढे!

अडते ते पात्रांपाशी. प्रत्येक मुलाला अजिंक्य योद्धाच व्हायचे असते. मग संकटाची गंमतच उरत नाही.

यावर तोड रायपूरच्याच मातीत आहे. १९२३ साली इथे जन्मलेल्या हबीब तन्वीर यांनी लोककथेवरून ‘चरणदास चोर’ हे नाटक रंगभूमीवर आणले. त्यातला चोर चोरी सोडत नाही, पण खोटे न बोलण्याचे वचन गुरूला देऊन बसतो आणि वचनापायी प्राण गमावतो. धंदा एक, वचन त्याच्या उलट! म्हणूनच तो लक्षात राहतो.

मुलांच्या पात्रांनाही एक कसब, एक उणीव आणि एक शपथ द्यावी. रक्त पाहून घेरी येणारा वैद्य, पोहता न येणारा नावाडी, खोटा आकडा न लिहिणारा भोसल्यांचा कारकून. नावाडी पाण्यात पडला की घाबरट वैद्यालाच उडी घ्यावी लागते. एरवी पाहुण्यांसमोर तोंड न उघडणारे मूलही वैद्य झाले की म्हणून जाते, ‘थांबा, मी जातो.’