आगोटीची लाकडं आणि पहिला चेनसॉ
आगोट जवळ आली की कोकणात लाकडांची बेगमी सुरू होते. न्हाणीतला बंब पावसाळाभर पेटता राहायला हवा ना! हल्ली कुऱ्हाडीचा घाम नको म्हणून घरोघरी चेनसॉची चौकशी होते आणि दुकानदार हमखास सर्वांत मोठं मशीन पुढे सरकवतो. मोहात पडू नका. पडलेल्या आंब्या-काजूच्या फांद्यांना १४ ते १६ इंची पातं आणि ४० सीसीच्या आसपासचं इंजिन पुरतं. २२ इंची धूड थोड्याच वेळात खांदे उतरवतं. वीज अंगणापर्यंत पोचत असेल तर विजेवरचा बरा, पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळायची कटकट नाही. साखळीचं तेल मात्र दोन्हींना लागतं. चेनब्रेक नसलेलं मशीन फुकट मिळालं तरी घेऊ नका; पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला टेकला, तर ते उसळून थेट तोंडावर येतं. तेव्हा हेल्मेट, चष्मा, कानाचं संरक्षण, जाड बूट आणि साखळीला धार लावायची गोल कानस यांचे पैसे आधी बाजूला काढा. उरतील त्यात मशीन बसवा.