अठ्ठावन्नाव्या मिनिटाचा मुहूर्त

मंडळी, पुणेकराला मुहूर्त लागतोच. वास्तुशांतीला लागतो, तसा आता फुटबॉलमधल्या बदली खेळाडूलाही लागतो म्हणे!

परवा भाच्याचा शाळेचा सामना बघायला गेलो होतो. ३५-३५ मिनिटांचे दोन हाफ. आमचा संघ एका गोलने मागे, डाव्या बाजूचा मुलगा दमून कमरेवर हात ठेवून उभा, आणि भाचा बाकावर चुळबुळतोय. सरांचं लक्ष घड्याळाकडे. बरोब्बर ५८व्या मिनिटाला त्याला आत सोडलं. हरलो. विचारलं तर म्हणाले, "अहो, अभ्यास झालाय त्यावर. आकडेवारी आहे."

आहे ना! अमेरिकेतल्या ब्रेट मायर्स यांनी २०१२ साली नियम मांडला : मागे असाल तर पहिली बदली ५८व्या, दुसरी ७३व्या आणि तिसरी ७९व्या मिनिटाच्या आत करा. यातला 'आत' सरांनी गाळला. शिवाय तो हिशोब ९० मिनिटांचा. ७० मिनिटांच्या सामन्यात तेच ४५वं मिनिट होतं!

पण माझं खरं भांडण मूळ नियमाशीच आहे. तो पाळणाऱ्या संघांना पिछाडी कमी करण्यात जवळपास दुप्पट यश मिळालं, असं मायर्स सांगतात. आता बघा, पहिली बदली वेळेत केली आणि ६०व्या मिनिटाला बरोबरी झाली, की पुढच्या अटी लागूच होत नाहीत. संघ 'नियम पाळणारा' ठरला. मागेच राहिलेल्याला मात्र ७३ आणि ७९ला नियम मोडायची आणखी संधी! जास्त वाढदिवस साजरे करणारे जास्त जगतात, म्हणण्यासारखंच हे. २०१६ साली राजिथा सिल्वा आणि टिम स्वार्ट्झ यांनी हे पुन्हा तपासलं, तर दुसऱ्या हाफमध्ये बदलीसाठी खास फायद्याचं असं एकही मिनिट त्यांना सापडलं नाही.

म्हणून आकडेवारी टाकाऊ? मुळीच नाही. पण ती प्रश्न विचारायला शिकवते, पंचांग हातात देत नाही. २०१४ ते २०१९ एफसी पुणे सिटीचे सामने बालेवाडीला व्हायचे, तेव्हा दमलेला खेळाडू आम्हाला स्टँडमधूनही दिसायचा. सर तर रेषेवर उभे होते!

आणि ही पोरं खेळायला आलेली असतात हो. ताई, तुझ्या लेकाला बारा मिनिटं मिळाली. त्याला आकडेवारीनं नाही, घड्याळानं बसवून ठेवलं.

असो. तुम्हाला काय वाटतं?