हिरव्या टाचण्यांचे राज्य

आमच्या संस्थेच्या गेल्या वार्षिक सभेत अहवालाचे वाचन झाले नाही, प्रदर्शन झाले. एका स्नेह्यांच्या चिरंजिवांनी मोठ्या हौसेने संगणकावर संस्थेचा ‘डॅशबोर्ड’ तयार करून आणला होता. पडद्यावर सभासदसंख्येचा चढता बाण होता, ग्रंथसंग्रहाची रंगीत वर्तुळे होती, आणि मोटारीच्या वेगमापकासारखा एक काटा हिरव्या भागात डौलाने उभा होता. टाळ्यांचा कडकडाट झाला. पुढच्या रांगेतील काही ज्येष्ठांनी मात्र नाके मुरडली. साहित्यसंस्थेला ही आकड्यांची उठाठेव हवी कशाला, असा त्यांचा सवाल होता. आमचे भांडण या दोन्ही पक्षांशी आहे. टाळ्या वाजविणाऱ्यांनी चित्र वाचले नाही, आणि नाके मुरडणाऱ्यांना ते वाचावयाचेच नव्हते. परिणाम एकच झाला. प्रश्न कोणीही विचारला नाही.

डॅशबोर्ड हा शब्द मुळात घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल हाकणाऱ्याच्या अंगावर येऊ नये म्हणून पुढे जी फळी लावीत, ती ही. पुढे मोटार आली, त्या फळीच्या जागी वेगाचे, इंधनाचे काटे आले, आणि आता कार्यालयांतील आकड्यांच्या फलकालाही तेच नाव मिळाले. शब्द परका असला तरी वस्तू आपणांस परकी नाही. स्वयंपाकघराच्या भिंतीवरील दिनदर्शिका पाहावी. एका चौकटीत वार, तारीख, तिथी, नक्षत्र, सणवार आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला दुधाचा हिशेब. गृहिणी एक दृष्टिक्षेप टाकते आणि आज उपास आहे की नाही हे तिला कळते. उत्तम फलकाची कसोटी हीच. तो कोणासाठी आहे, आणि तो पाहून त्याने काय ठरवावयाचे आहे, हे आधी निश्चित असले पाहिजे. ज्या फलकावरून काहीच ठरवावयाचे नसते, तो फलक नव्हे, ते तोरण होय.

आता आपल्या सर्वांच्या जिव्हाळ्याचे उदाहरण घेऊ. जनगणनेनुसार देशातील मराठी मातृभाषकांची संख्या १९९१ साली सुमारे ६ कोटी २५ लाख, २००१ साली ७ कोटी १९ लाख आणि २०११ साली ८ कोटी ३० लाख होती. याच तीन वर्षी देशाच्या लोकसंख्येतील मराठीचा वाटा अनुक्रमे ७.४५, ६.९९ आणि ६.८६ टक्के होता. आकडे एकाच दप्तरातले आहेत. त्यांतून चित्रे मात्र हवी तशी काढता येतात.

ज्याला अभिमानाचे भाषण ठोकावयाचे आहे, तो संख्येचे स्तंभ काढतो आणि उभ्या अक्षाचा आरंभ शून्याऐवजी सहा कोटींपासून करतो. मग १९९१चा स्तंभ पाव कोटीचा उरतो, २०११चा दोन कोटी तीस लाखांचा होतो, आणि प्रत्यक्षातील एक-तृतीयांश वाढ डोळ्यांना नऊपट दिसते. ज्याला ‘मराठी मेली’ असा टाहो फोडावयाचा आहे, तो टक्केवारीचे स्तंभ काढतो आणि अक्ष ६.८ पासून सुरू करतो. मग वीस वर्षांत मराठीचा वाटा अकराव्या हिश्श्यावर आलेला दिसतो. प्रत्यक्षात तो सुमारे आठ टक्क्यांनी घटला आहे. तिसरा गृहस्थ केवळ क्रमांक सांगतो. २००१ साली चौथी असलेली मराठी २०११ साली तिसरी झाली, म्हणून पेढे वाटा! एकही आकडा खोटा नाही. तरीही पहिली दोन चित्रे फसवितात, आणि तिसरे अर्धेच सांगते. म्हणून पहिला नियम असा की स्तंभालेखाचा पाया शून्यावरच असला पाहिजे, कारण तेथे डोळा स्तंभाची लांबी मोजत असतो. काळानुसार होणारा बदल रेषेने दाखविताना ही अट शिथिल करता येते, पण मग अक्ष कोठून सुरू झाला ते ठळकपणे लिहावे. दुसरा नियम असा की संख्या आणि वाटा हे दोन वेगळे प्रश्न आहेत. एकाचे उत्तर दुसऱ्याच्या गळ्यात बांधू नये.

परंतु खरी मेख याही पलीकडे आहे. २०११ साली त्या ८ कोटी ३० लाखांपैकी सुमारे ७ कोटी ७५ लाख एकट्या महाराष्ट्रात होते. म्हणजे इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवे अशा सर्व ठिकाणचे आपण मिळून केवळ साडेपंचावन्न लाखांच्या आसपास. उद्या आपल्यापैकी निम्म्यांनी मराठी टाकली, तरी देशाच्या चित्रातील तो उंच स्तंभ जेमतेम तीन-साडेतीन टक्क्यांनी खुजा होईल. कोणाच्या नजरेलाही ते येणार नाही. जे चित्र आपले नाहीसे होणे दाखवू शकत नाही, ते व्यासपीठावर लावून आपण टाळ्या वाजवितो, याला काय म्हणावे? जनगणनेचे मातृभाषाविषयक तक्ते जिल्हा-तालुक्यापर्यंत उपलब्ध असतात. आपल्या शहराचा आलेख काढण्याचे कष्ट मात्र आपणांस नकोत. त्यात काय दिसेल याची आपणांस धास्ती वाटते.

आता घरचाच आहेर. सभेतील तो चढता बाण एकूण सभासदांचा होता, आणि त्यांतील बहुसंख्य आजीव सभासद आहेत. एकदा वर्गणी भरली की नाव नोंदवहीत कायम. सभासद दिवंगत झाला, पुण्याला मुलाकडे गेला, अंथरुणाला खिळला, तरी नाव कमी होत नाही. असा बाण खाली येणारच कसा? वर्षभरात किती सभासदांनी किमान एक पुस्तक नेले, आणि त्यांत चाळिशीच्या आतले किती, हा आलेख कोणी काढला नाही. ग्रंथपालांची देवघेवीची वही कपाटातच राहिली.

यात त्या मुलाचा दोष नाही, दोष त्याला प्रश्न न देणाऱ्या आम्हा वडीलधाऱ्यांचा आहे. आणि या पापातून आम्हीही मुक्त नाही. शासकीय सेवेत असताना एका कार्यालयात आमच्या मागील भिंतीवर तालुक्यांचा नकाशा होता व त्यावर हिरव्या, पिवळ्या, लाल टाचण्या होत्या. हातपंपाची तक्रार वहीत निकाली निघाली की हिरवी टाचणी लागत असे. पंपाला पाणी येते का, हा रकानाच तक्त्यात नव्हता. आढावा बैठकीपूर्वी तक्रारी भराभर निकाली निघत, भिंत हिरवीगार होई, आणि आम्ही सही करीत असू. गावातल्या बायका मात्र पूर्वीसारख्याच नदीवर जात होत्या. मोजमाप हेच एकदा उद्दिष्ट झाले की ते मोजमाप म्हणून निकामी होते, ही गोष्ट इंग्लंडचे अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांच्या नावाने जगभर सांगितली जाते. आम्ही ती टाचण्यांकडून शिकलो.

रंगरूपाविषयी थोडक्यात सांगतो. क्लीव्हलँड व मॅकगिल या अमेरिकी संख्याशास्त्रज्ञांनी १९८४ साली प्रयोगांनी दाखविले की समान पट्टीवरील स्थान व लांबी डोळ्याला नेमकेपणाने जोखता येते. कोन आणि क्षेत्रफळ यांत तो चुकतो. म्हणून सात फोडींच्या वर्तुळापेक्षा सात साधे आडवे पट्टे बरे. स्तंभांना दिलेली जाडी आणि सावली ही निव्वळ नटवेगिरी होय. लाल व हिरवा हा भेद काही पुरुषांना जन्मतःच कळत नाही, तेव्हा रंगासोबत शब्दही हवा.

आता नाके मुरडणाऱ्यांसाठी दोन शब्द. लंडनमध्ये १८५४ साली पटकीची साथ आली, तेव्हा डॉक्टर जॉन स्नो यांनी ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी हेच मूळ असल्याचे ओळखले, आणि मृत्यूंच्या खुणा नकाशावर मांडून ते इतरांना दाखविले. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी क्रिमियाच्या युद्धातील सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनीच अधिक मेले, हे १८५८ साली आकृतीने सिद्ध केले. ज्या चित्राने माणसे वाचतात, ते साहित्याहून हलके कसे? प्रामाणिक आलेख हाही एक निबंधच असतो. त्याला विषय लागतो, पुरावा लागतो, आणि गाळलेल्या गोष्टींचे उत्तरदायित्वही लागते.

म्हणून कार्यकारिणीकडे आमची मागणी अशी आहे. पुढील अहवालात पाचच आलेख असावेत: हयात व शहरात राहणारे सभासद, पुस्तके नेणारे, त्यांतील चाळिशीच्या आतले, कार्यक्रमांची प्रत्यक्ष उपस्थिती, आणि आपल्या जिल्ह्यातील मराठी मातृभाषक. प्रत्येकाखाली मोजणी कोणी केली, कधी केली आणि कशास काय म्हटले, हे एका ओळीत लिहावे. शेजारी मागील दहा वर्षे दाखवावीत. काटे, बाण व तोरणे वर्ज्य करावीत.

घाई करण्यास कारण आहे. २०२१ची जनगणना झाली नाही. आता २०२७च्या जनगणनेची घोषणा झालेली आहे. तेथे मातृभाषा म्हणजे बालपणी आई आपल्याशी जी भाषा बोलली ती. दुकानात हिंदी, कचेरीत गुजराती वा कन्नड बोलणाऱ्याचीही मातृभाषा मराठी असू शकते, आणि ती तशीच सांगावी. ज्या घरात आईने ती बोललीच नाही, तेथे अभिमानापोटी खोटे सांगू नये. आलेख खाली आला तर खाली येऊ द्या. उतरती रेषा पाहून काही करता तरी येते. हिरव्या टाचणीने झाकलेल्या कोरड्या पंपाचे कोणी काही करीत नाही.