बिनपगारी हजेरीपट

गिरणी कामगार मस्टरवर हजेरी लावी, ती निदान मजुरीसाठी. संकेतस्थळांचे भांडवलदार तीच हजेरी फुकटात घेतात! डुओलिंगोवर एक दिवस चुकला की सलग दिवसांची मोजणी पुन्हा शून्यापासून. तो खाडा झाकणारे ‘स्ट्रीक फ्रीझ’ही तीच कंपनी विकते. भीती पेरणारा आणि तिच्यावरील उतारा विकणारा व्यापारी एकच. ‘अभ्यासाची सवय लागावी म्हणून’ हा बचाव निव्वळ भोंदूपणाचा आहे. दैनंदिन वापरकर्त्यांचा आकडा दर तिमाहीस भागधारकांपुढे मांडला जातो, तो काय विद्याप्रेमापोटी? गिटहबने २०१६ साली अशी मोजणी काढून टाकली. म्हणून संगणक-कामगारांनी तेथे काम करणे थांबविले नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीने १८९० साली मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळवून दिली. या नव्या मस्टरवर मात्र रविवार हाही खाडाच!