हौशी बातमीदारालाही निकष हवेत

पदरमोड करून, वेळ काढून कोणी बातमी लिहीत असेल, तर त्याच्याकडे पुरावे मागू नयेत. मजकूर आहे तसा प्रसिद्ध करावा आणि चूक निघालीच तर मागाहून दुरुस्त करावी, असे नागरिक-पत्रकारितेचे अनेक कैवारी सांगतात. बातमीवरची मूठभर वृत्तसंस्थांची मक्तेदारी मोडावी, ही त्यामागची तळमळ खरी आहे आणि ती मक्तेदारी मोडायलाच हवी. पण निकष म्हणजे त्या मक्तेदारीचेच हत्यार, हा त्यातून काढलेला निष्कर्ष मुळातच चुकीचा आहे. विनामोबदला लिहिणाऱ्याला पडताळणीची गरज पगारी पत्रकाराइतकीच, किंबहुना अधिक असते, कारण त्याच्या पाठीशी ना उपसंपादक असतो, ना कंपनीचा वकील. बदनामीचा गुन्हा सांगणारे भारतीय न्याय संहितेचे कलम 356 लिहिणाऱ्याला पगार मिळतो की नाही, हे विचारत नाही.

‘आधी प्रसिद्धी, मग दुरुस्ती’ ही रीत विकिपीडियाकडून उचललेली आहे. ज्ञानकोशात ती बऱ्याच अंशी चालते, कारण तिथला लेख वर्षानुवर्षे वाचला जातो आणि दुरुस्ती पुढच्या वाचकापर्यंत पोचते. (तिथेही 2005 मध्ये जॉन सिगेनथेलर या अमेरिकी पत्रकाराच्या चरित्रात घुसडलेला केनेडी-हत्येचा खोटा संशय चार महिने तसाच राहिला होता.) बातमी मात्र एकदाच वाचली जाते. पहिल्या दिवशी खोटे वाचणारा आणि चौथ्या दिवशी खुलासा वाचणारा, हे बहुधा दोन वेगळे वाचक असतात. ऑक्टोबर 2008 मध्ये सीएनएनच्या ‘आयरिपोर्ट’ या नागरिक-पत्रकारितेच्या संकेतस्थळावर स्टीव्ह जॉब्सना हृदयविकाराचा झटका आल्याची खोटी बातमी कोणीतरी टाकली. ती न तपासता प्रसिद्ध झाली आणि काही मिनिटांत ॲपलचा शेअर घसरला. तिथे पैसे बुडाले. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात 1 जुलै 2018 रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेने भिक्षेकरी समाजातल्या पाच माणसांचे जीव घेतले. मोबाइलवर फिरणारे ते संदेश बातमी म्हणून लिहिलेले नव्हते, हे मान्य. पण न तपासलेली बातमी आणि ते संदेश यांत वाचणाऱ्याने फरक करायचा तरी कशावरून?

निकष लावले की स्वयंसेवक पळून जातात, हा दुसरा आक्षेप. दक्षिण कोरियातले ‘ओह-माय-न्यूज’ 2000 साली 727 नागरिक-बातमीदारांनिशी सुरू झाले. तिथे खऱ्या नावाने लिहावे लागे, आचारसंहिता मान्य करावी लागे, संपादक मजकूर तपासत आणि कित्येक लेख नाकारत. तरीही काही वर्षांतच बातमीदारांची संख्या हजारोंवर गेली. तिथला मानधनाचा आकडा इतका किरकोळ होता की त्यासाठी कोणी आले असेल, असे म्हणवत नाही. आपला मजकूर गांभीर्याने वाचला जातो, हा मान त्यांना मिळत होता. यावर विकिपीडियाचे भावंड असलेल्या, स्वयंसेवकांनी चालवलेल्या ‘विकिन्यूज’चे उदाहरण पुढे केले जाते, आणि ते दुर्लक्षून चालणार नाही. किमान दोन स्वतंत्र स्रोत आणि दुसऱ्या सदस्याची तपासणी, हा तिथला नियम चोख. पण तपासणारे मोजकेच, त्यामुळे बातम्या रांगेत पडून शिळ्या होत. दोष मात्र पडताळणीचा नव्हता. जगाच्या घडामोडींत वृत्तसंस्थांशी वेगाची शर्यत लावणे, हीच चूक होती. गावातल्या रेशन दुकानात दोन महिने धान्य आले नाही, ही बातमी दोन दिवस तपासत बसल्याने शिळी होत नाही.

निकष नेमके कोणत्या गोष्टींना लावायचे, याबद्दल मात्र कैवाऱ्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. शुद्धलेखन, प्रमाणभाषा, शहरी वळण यांची चाळणी लावून गावाकडचा मजकूर बाजूला सारणे हा अन्यायच. छत्तीसगडमधल्या ‘सीजीनेट स्वर’ने 2010 पासून दाखवून दिले की साध्या फोनवरून गोंडीत सांगितलेली तक्रारही तपासून प्रसारित करता येते. तिथे चाळणी होती ती तथ्याला, बोलीला नव्हे.

‘पगारी पत्रकार तरी कुठे निकष पाळतात?’ हा प्रश्न 2009 च्या निवडणुकांतल्या पेड न्यूजच्या प्रकरणानंतर महाराष्ट्रात तरी कोणी झटकू शकत नाही. पण त्या प्रकाराने निकषांची गरज वाढली, संपली नाही. हौशी बातमीदाराला मोह पैशाचा नसेल, तर भावकीचा असतो, गटाचा असतो, स्वतःच्या चळवळीचा असतो. ग्रामपंचायतीतला गैरव्यवहार उघड करणाऱ्याचा चुलत भाऊच विरोधी पॅनेलमधून उभा असेल, तर ते बातमीतच लिहिलेले हवे. एकाच भावकीतली दोन माणसे हे दोन स्रोत धरू नयेत. ज्याच्यावर आरोप आहे, त्याला छापण्यापूर्वी विचारलेले असावे आणि त्याने बोलायला नकार दिला, तर तेही नोंदवावे. आणि बातमी नाकारायची झाली, तर तपासणाऱ्याने नेमके काय कमी पडले ते लेखी कळवावे, म्हणजे लिहिणाऱ्याला तलाठ्याकडून तो एक कागद आणून तीच बातमी पुन्हा पाठवता येईल.