काल काय जेवलात?

मुलांनो, परवा मी आमच्या चौथीच्या वर्गाला एक सोपा अभ्यास दिला. काल सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत काय काय खाल्लं, ते वहीत लिहायचं. आमची शाळा वाशिम जिल्ह्यातल्या एका खेड्यातली, तेव्हा उत्तरं ठरलेलीच: भाकर, वरण, आलूची भाजी. पण "किती?" असं विचारलं आणि गाडी अडली! भाकर केवढी, तर एकानं तळहात दाखवला, दुसऱ्यानं ताटाएवढा गोल काढला. मधल्या सुट्टीतले फुटाणे तर कुणालाच आठवले नाहीत.

एका मुलीनं मात्र घरातल्या सगळ्यांचं लिहून आणलं होतं. तिची दीड भाकर, बाबांच्या तीन, आजीची एक. "आणि आईचं गं?" मी विचारलं.

"ठाऊक नाही बाई. माय सर्वायच्या मांगून जेवते."

तिच्या घरी दोन-तीन महिन्यांत बाळ येणार आहे.

तुम्ही म्हणाल, बाईंना या उठाठेवी कशाला? ऐका तर. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून परिचारिका नव्या बाळांची वजनं मोठ्या वह्यांत लिहून ठेवत. सत्तरेक वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या अभ्यासल्या. जन्मतः हलक्या असलेल्या बाळांत मोठेपणी हृदयविकारानं मरण येण्याचं प्रमाण जास्त दिसलं. पण पोटुशी असताना त्यांच्या आयांनी काय खाल्लं होतं? ते वहीत नव्हतंच. इतक्या वर्षांनी सांगणार तरी कोण!

आपल्याकडे १९९३ साली पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे सहकारी यांनी वेगळी वाट धरली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत बाळ पोटात असतानाच आईचा आहार दोनदा लिहून घेतला. गेल्या चोवीस तासांत काय खाल्लं हे विचारलं. शिवाय दूध, फळं, पालेभाजी आठवड्यातून किती वेळा, हेही.

काम वाटतं तेवढं सोपं नाही हं. वरण घट्ट की पातळ? वाटी केवढी? फोडणीत तेल किती? आणि आलेल्या माणसाला जरा चांगलंच सांगायची आपली रीत, त्यामुळे चहातलं दूधसुद्धा "दूध घेते" होऊन बसतं. म्हणून असा आहार मोजताना वाट्या-चमचे मापावे लागतात, भाकरी तोलावी लागते. पुण्याच्या अभ्यासात रक्तही तपासलं. रक्त काही भिडेखातर बोलत नाही!

या आयांचा आहार दिवसाला साधारण १७०० कॅलरींचा निघाला, म्हणजे कमीच. बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास. गंमत पुढेच आहे. एकूण कॅलरींचा बाळाच्या वजनाशी फारसा संबंध दिसला नाही. पालेभाजी, फळं आणि दूध ज्या वरचेवर घेत, त्यांची बाळं मात्र जरा मोठी होती. नुसतं "भाकरी किती?" एवढंच विचारलं असतं, तर हे कळलंच नसतं. यावरून पालेभाजीनंच वजन वाढलं असं लगेच म्हणता येत नाही, पण कुठं शोधायचं ते समजलं.

रक्तानं आणखी एक गोष्ट सांगितली. निम्म्याहून जास्त आयांमध्ये बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. ते दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून मिळतं, पालेभाजीतून नाही. ही मुलं सहा वर्षांची, बारा वर्षांची, अठरा वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली गेली. २०१२ पासून त्यांच्यातल्याच काहींना थोडं बी-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला, पुढं त्यांच्या बाळांना फायदा होतो का हे बघायला. अभ्यासातली ती बाळं आता तिशीची आहेत!

वाशिमच्या गावांतही अंगणवाडीताई बाळाचं वजन कार्डावर लिहितात. मायच्या ताटात काय होतं, ते त्या कार्डावर नसतं.

आमच्या त्या मुलीनं दुसऱ्या दिवशी वही आणली. रात्री ती आईजवळ बसून राहिली होती. लिहिलं होतं: 'माय. भाकर एक. वरण संपलं. चटणी. दूध चहातलं.' तिसऱ्या दिवशीच्या पानावर भाजी अर्धी वाटी होती, आणि वाटी केवढी हे बाईंना कळावं म्हणून ती उपडी ठेवून पेन्सिलीनं गोल काढला होता.